प्रेमगीते, पण प्रणयापलीकडची : आपले अनुभव लिहा

पॉप संगीतातील प्रेमगीत म्हटले की ओढ, भेट आणि विरह एवढेच आठवते. परंतु काही गाण्यांत प्रेम म्हणजे दुसऱ्याच्या पडत्या काळात त्याच्या पाठीशी उभे राहणे असते. अशा गाण्याने आपल्याला आधार दिला असेल, तर तो अनुभव येथे अवश्य लिहावा. सुरुवात मी करते. वडिलांच्या आजारपणात रात्री जागताना मी सायमन आणि गारफंकल यांचे १९७० सालचे ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ ऐकत असे. पहिली दोन कडवी गारफंकल एकटाच गातो. तिसऱ्यात सायमनचा आवाज त्याला येऊन मिळतो, तेव्हा भार वाटून घ्यायला कुणीतरी आले असे मला दरवेळी वाटे. गाणारा स्वतःसाठी काहीच मागत नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

—

मी पियानो शिकवतो आणि नवख्यांना बिल विदर्स यांच्या ‘लीन ऑन मी’पासून (१९७२) सुरुवात करून देतो. त्याची चाल सा-रे-ग-म अशी पायरीपायरीने चढते आणि तशीच उतरते, त्यामुळे बोटे लगेच बसतात. विदर्स कोळसा खाणींच्या वस्तीत वाढले होते आणि एकमेकांच्या अडीनडीला धावून जाणारे तिथले शेजारी त्यांच्या मनात होते. हे सांगितल्यावर विद्यार्थी ते गाणे एकेकट्याने न वाजवता एकत्र गाऊ लागतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

—

आईवडील विभक्त झाले तेव्हा मी शाळेत होते. मामाने ‘हे जूड’ ऐकवले आणि सांगितले की, जॉन लेनन यांचा संसार मोडत असताना बीटल्स या बँडमधले त्यांचे साथीदार पॉल मॅकार्टनी यांनी १९६८ मध्ये ते लेनन यांच्या लहानग्या मुलाला, ज्युलियनला, धीर देण्यासाठी रचले. मोठ्यांच्या भांडणात मुलाची आठवण ठेवणारा कुणीतरी असतो, हे मला तेव्हा प्रथमच कळले.

—

आमचा मुलगा गेल्यापासून एरिक क्लॅप्टन यांचे ‘टिअर्स इन हेवन’ मी अजून पूर्ण ऐकू शकलेलो नाही. त्यांचा चार वर्षांचा मुलगा १९९१ मध्ये गेला. तो मला ओळखील का, हा त्यांचा प्रश्न माझाही आहे.

—

मुलीला दत्तक घेऊन घरी आणले तेव्हा आम्ही स्टीव्ही वंडर यांचे ‘इझन्ट शी लव्हली’ लावले होते. १९७६ सालच्या या गाण्यात लेकीच्या जन्माचा आनंद आहे आणि बाळाचे आवाजही ऐकू येतात. आता ती स्वतःच ते लावायला सांगते, आणि शेवटचे लांबलचक हार्मोनिकावादन मध्येच थांबवलेले तिला मुळीच चालत नाही.