उतारावर मागचा शॉक तापतो आणि चाक उसळतं: कॉइल घ्यावा की डबावाला एअर?

उतारप्रेमी:
मंडळी, सल्ला हवा आहे. माझी सायकल १६० मिमी ट्रॅव्हलची (मागचं चाक तेवढं वर जाऊ शकतं), चाकं २९ इंची. मागे २३०×६५ चा (लांबी २३० मिमी, दबण्याचं अंतर म्हणजे स्ट्रोक ६५ मिमी) इनलाइन एअर शॉक आहे, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा आणि बाजूला तेलाचा वेगळा डबा नसलेला. घेतली तेव्हा चढ-उतार दोन्ही करायचो. आता मात्र फक्त डाउनहिल, तेही दगडधोंड्यांतून. हेल्मेट, पॅड, पाणी धरून वजन ८३ किलो. सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक जेवढा दबतो तो, ३० टक्के ठेवला आहे.

उताराचा पहिला भाग झकास जातो. अर्ध्यानंतर मागचं चाक उसळायला लागतं, दगडांवर टिकतच नाही, आणि ब्रेक धरला की आणखी नाचतं. खाली पोचून शॉकला हात लावला तर चांगलाच तापलेला असतो. थोडा वेळ थांबून तोच टप्पा पुन्हा केला की सगळं ठीक. रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग) दोन क्लिक मंद करून पाहिला, तर वरच्या भागात सायकल मरगळल्यासारखी चालते.

शॉक बदलायचा हे नक्की. कॉइल (लोखंडी स्प्रिंगचा) की डबावाला एअर, एवढं ठरत नाहीये. ज्यांनी स्वतः बदल केलाय त्यांनी लिहा.

खडकाळवाट:
डोळे मिटून कॉइल. एअर शॉकमध्ये हवा धरून ठेवायला सील लागतात, त्यांचं घर्षण आलंच. कॉइल बारीक खडीवरही लगेच दबतो, त्यामुळे ब्रेक मारताना चाक जमीन सोडत नाही. वजन थोडं वाढेल, खाली येताना त्याचं काही वाटत नाही.

पाना_नंबर_पाच:
कॉइलबद्दल वर लिहिलंय ते खरं आहे, पण उतारप्रेमींचा त्रास स्प्रिंगचा नाही. गार असताना ठीक आणि तापल्यावर उसळी, याचा अर्थ तेल पातळ होतंय. रिबाउंड म्हणजे बारीक वाटेतून जाणारं तेल. ते पातळ झालं की त्याच क्लिकवर शॉक जास्त वेगाने परत उघडतो. त्यात एअर शॉकमधली हवाही तापते आणि दाब वाढतो. इनलाइन शॉकमध्ये तेल थोडं, त्यामुळे लांब उतारावर ते लवकर तापतं. म्हणून डबा हवाच, मग स्प्रिंग लोखंडाची असो की हवेची. रॉकशॉक्स सुपर डिलक्स किंवा फॉक्स फ्लोट एक्स हे डबावाले एअर शॉकच आहेत.

खरेदीच्या आधी एक विचारतो: या शॉकची शेवटची सर्व्हिस कधी झाली? एअर कॅनचे सील साधारण ५० तासांनी बदलायचे असतात, ते बरेच जण करतात. डॅम्परचं, म्हणजे शॉकची हालचाल मंदावणाऱ्या भागाचं, तेल मात्र कुणी बघतच नाही. जुनं, हवा मिसळलेलं तेल असेल तर हीच लक्षणं दिसतात.

आता कॉइल चालेल का, हे तुमची फ्रेम ठरवणार. कॉइलचा जोर सरळ रेषेत वाढतो. हवा शेवटी-शेवटी घट्ट होते, आणि टोकन (हवेची जागा कमी करणारे तुकडे) टाकून ती आणखी घट्ट करता येते. कॉइलला ती सोय नाही, म्हणून शेवटचा विरोध लिंकेजने, म्हणजे चाक आणि शॉक जोडणाऱ्या दांड्यांनी, द्यावा लागतो. सायकल स्टँडवर चढवा, शॉक पूर्ण काढा. मागचं चाक हाताने २० मिमी उचला आणि दोन्ही बोल्टच्या मध्यांमधलं अंतर किती कमी झालं ते मोजा. असं पूर्ण १६० मिमीपर्यंत करत जा. शॉक काढलेलाच आहे, तर टायर सीट ट्यूबला कुठे टेकतो का तेही बघून घ्या. जास्त स्ट्रोकचा शॉक बसवायचा मोह होतो, आणि फ्रेम तिथेच फुटते.

उतारप्रेमी:
डॅम्पर कधीच उघडलेला नाही. काल मोजमाप केलं. पहिल्या २० मिमीला शॉकचं अंतर ७.३ मिमीने कमी झालं, शेवटच्या २० मिमीला ९.१ मिमीने. टायर कुठे टेकत नाही. शॉक थेट लिंकला जोडलेला आहे, मध्ये लांब योक (जोडणारा दुवा) नाही.

पाना_नंबर_पाच:
सुंदर मोजलंत. म्हणजे लिव्हरेज (चाकाची हालचाल भागिले शॉकची हालचाल) सुरुवातीला २.७४ आणि शेवटी २.२, जवळपास २० टक्के फरक. कॉइलला हे पुरतं. फरक दहा-बारा टक्केच असता तर मी एअरच सांगितला असता. योक नाही हेही बरं झालं. योक असलेल्या काही फ्रेमवर शॉकच्या दांड्यावर आडवा ताण येतो आणि बनवणारे स्वतःच कॉइलला मनाई करतात. तरी तुमच्या मॉडेलचं एकदा वाचून घ्या.

मोठ्या उड्या मारत असाल तर डबावाला एअर आणि दोन टोकन. तुम्ही लिहिलंय त्यात उड्या नाहीत, दगड आहेत. म्हणून माझं मत कॉइल, डब्यासकट, शक्य असेल तर शेवटी हायड्रॉलिक बॉटम-आउट (पूर्ण दबतानाचा धक्का तेलाने अडवणारी सोय) असलेला.

स्प्रिंगचा हिशेब असा. ८३ किलोपैकी मागच्या चाकावर अंदाजे ६५ टक्के, म्हणजे ५४ किलो. सॅगच्या जागी लिव्हरेज २.६ धरा, शॉकवर १४० किलो येतात, म्हणजे साधारण ३०९ पाउंड. ६५ मिमीचा ३० टक्के सॅग १९.५ मिमी, म्हणजे पाऊण इंचाहून किंचित जास्त. भागाकार केला की ४०० ची (पाउंड प्रति इंच) स्प्रिंग येते. कुणाकडून ३७५ आणि ४२५ तासाभरासाठी मिळाल्या तर त्याही लावून बघा. स्प्रिंगवरचा स्ट्रोक ६५ किंवा जास्त असू दे, कमी नको. आणि सॅग कमी करायला प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) रिंग आवळत बसू नका. स्प्रिंग हलणार नाही इतपत, फार तर दोन फेरे. तेवढ्याने जमत नसेल तर स्प्रिंगच बदला.

खडकाळवाट:
जुना शॉक घेणार असाल तर माप नीट बघा. तुमच्या २३०×६५ सारखी मेट्रिक मापं २०१६-१७ पासून रूढ झाली. त्याआधीचा २१६×६३ जवळचा वाटतो, पण तुमच्या फ्रेमला तो चालणार नाही. बुशिंग (बोल्टभोवतीचं कडं) आणि माउंटची रुंदीही फ्रेमप्रमाणे वेगळी असते, ती शॉकसोबत येत नाही.

पाना_नंबर_पाच:
बरोबर. आणि रिबाउंड लावताना एका उतारावर एकच गोष्ट बदला. तो शॉक गरम झाल्यावरच ठरवा, वर उभं राहून नाही. पुढचा फोर्कही एकदा तपासा. मागचं चाक जमिनीला चिकटून चालायला लागलं की फोर्क अचानक कडक वाटू लागतो, तेव्हा त्यातली हवा थोडी कमी करावी लागेल.