साठीनंतर 'आता पुरे' म्हणायचं की डॉक्टरांकडे जायचं?

ठाणेकर_६३

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मध्यंतरी हृदयविकारावर व्याख्यान झालं. प्रश्न चिठ्ठीवर मागवले होते. एका चिठ्ठीत होतं, 'बायपासनंतर पत्नीशी संबंध ठेवले तर चालतं का?' मी सूत्रसंचालकांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांनी ती मनातल्या मनात वाचली, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. पुढचा प्रश्न घेतला तो साजूक तुपाचा. तुपावर वीस मिनिटं चर्चा झाली.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. गुडघा दुखला की आपण एक्स-रे काढतो, मोतीबिंदू झाला की ऑपरेशन करतो. तिथे कोणी 'वय झालं, आता कशाला बघायचंय' म्हणत नाही. मग कामजीवनाच्या बाबतीतच 'आता पुरे' कशासाठी?

आणि प्रश्न नुसत्या सुखाचा नाही. लिंगाकडे जाणाऱ्या धमन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबी साचायला लागली की त्रास आधी बारीक नळीत दिसतो. पुष्कळ पुरुषांत ताठरता कमी होणं हे छातीत दुखायच्या दोन ते पाच वर्षं आधीचं लक्षण असतं. म्हणजे लाजेपोटी जो गप्प बसतो, तो हृदयाची सूचनाही दाबून ठेवतो.

'या वयात कोणाला हवंय' म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. अमेरिकेत ५७ ते ८५ वयाच्या लोकांची मोठी पाहणी झाली होती, २००७ साली प्रसिद्ध झाली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांतही २६ टक्के लोकांचे वर्षभरात संबंध आलेले होते. आपल्याकडे असं कोणी विचारतच नाही, म्हणून आपल्याकडे असं काही नसतंच!

मतं मांडा. टिंगल करणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

आप्पा_कागलकर

टिंगल करत नाही, पण विरोध करतो. वय ७१.

तुमचाच आकडा घ्या. २६ टक्क्यांचे संबंध होते, म्हणजे ७४ टक्क्यांचे नव्हते. त्या ७४ टक्क्यांना आता रोगी ठरवायचं का? १९९८ साली ती निळी गोळी, व्हायग्रा, बाजारात आली. खरं तर छातीच्या दुखण्यावरचं औषध म्हणून तिचे प्रयोग चालले होते, भलताच परिणाम दिसला आणि कंपनीला घबाड सापडलं. तोवर ज्याला म्हातारपण म्हणत होते त्याला एका रात्रीत आजार म्हणायला लागले.

माझी ती ओढ पासष्टीच्या सुमारास आपोआप ओसरली. दुःख सोडाच, सुटल्यासारखं वाटलं. डोकं शांत झालं. बायकोशी आता जितक्या गप्पा होतात तितक्या तिशीत होत नव्हत्या. आमचं काय बिघडलंय? ययातीने पोराचं तारुण्य उसनं घेऊन हजार वर्षं भोग घेतले आणि शेवटी परत केलंच ना? समाधान झालं नाही म्हणूनच केलं. शरीर स्वतःहून थांबत असेल तर त्याला गोळ्या घालून पळवायचं कशाला?

सोलापूर_डॉक्टर

मधुमेहाचे रुग्ण बघतो, म्हणून लिहितो.

आप्पा, इच्छाच उरली नाही आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नाही, तर तो आजार नाही. कोणीही प्रामाणिक डॉक्टर तुम्हाला गोळी देणार नाही. पण इच्छा आहे आणि शरीर साथ देत नाही, ही गोष्ट वेगळी. माझ्याकडे येणाऱ्यांत बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असतात. ते कधीच थेट बोलत नाहीत. शुगरचे रिपोर्ट दाखवून होतात, पिशवी उचलतात, दारापर्यंत जातात, मुलाला म्हणतात 'तू गाडी काढ', आणि मग वळून विचारतात, 'डॉक्टर, जरा अशक्तपणा वाटतो.' हा अशक्तपणा म्हणजे काय ते आम्हाला कळतं.

ठाणेकर, तुमचा धमन्यांचा मुद्दा बरोबर आहे, पण प्रत्येकाला लावू नका. सकाळी झोपेतून उठताना ताठरता येत असेल तर नसा आणि रक्तपुरवठा बऱ्यापैकी ठीक असतो. मग ताण, नैराश्य, नात्यातला अबोला असं काही शोधावं लागतं. हळूहळू वाढत गेलेला, सकाळीही न येणारा त्रास असेल तर मात्र शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी तपासलंच पाहिजे. तंबाखू आणि सिगारेट हे दोन मोठे गुन्हेगार. बीपीच्या काही जुन्या गोळ्या, नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनीही फरक पडतो. म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, बदलून मिळतात.

आणि हे ठळक समजा: छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यांनी किंवा नायट्रेटची कुठलीही गोळी चालू असणाऱ्यांनी ही निळी गोळी अजिबात घ्यायची नाही. दोन्ही एकत्र आल्या तर बीपी इतकं कोसळतं की माणूस जाऊ शकतो. मित्राच्या खिशातली गोळी म्हणून कधीही घेऊ नये.

दोन_खोल्या_दादर

चर्चा उच्च दर्जाची चालू आहे. आमच्याकडे आतल्या खोलीत मुलगा-सून, बाहेर आम्ही दोघं आणि दहावीचा नातू. त्याचं रात्री एकपर्यंत 'प्रकाशाचं परावर्तन' पाठ करणं चालू असतं. धमन्या, नसा, टेस्टोस्टेरॉन (ते पुरुषी हार्मोन) सगळं एकवेळ ठीक होईल. दाराला कडी कोणता डॉक्टर लिहून देतो?

सुमन_नाशिक

वरचं सगळं वाचलं. ठाणेकर पुरुषाच्या धमनीबद्दल बोलतात, आप्पा पुरुषाच्या वैराग्याबद्दल. डॉक्टरसाहेबांच्या उत्तरातही बाईचं नाव नाही. ज्या कृतीला दोन माणसं लागतात तिच्यावर एकाचंच शरीर गृहीत धरून वाद चाललाय.

पाळी गेल्यावर आत कोरडेपणा येतो. अस्तर पातळ होतं. संबंध येताना आग होते, कधी रक्तही दिसतं, वरचेवर लघवीला जळजळ. अंगावर वाफा येतात त्या काही वर्षांनी कमी होतात, पण हा त्रास आपोआप बरा होत नाही, वाढतच जातो. मी ५८ वर्षांची आहे. ह्यांनी कोणा मित्राच्या सांगण्यावरून डॉक्टर गाठून गोळी सुरू केली. मला न विचारता. ह्यांना वाटलं घरात दिवाळी आली. मला रात्रीची धास्ती वाटायला लागली. नाही म्हटलं तर 'तुझं लक्ष नाही', हो म्हटलं तर दोन दिवस बसताना त्रास.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्या म्हणाल्या, 'या वयात कशाला आता?' एका बाईने दुसऱ्या बाईला हे सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं, आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, संबंधाच्या वेळी वापरायला पाण्याचं वंगण सांगितलं. दोन-अडीच महिन्यांत फरक पडला. इतकं सोपं होतं ते! आणि हे मला पाळी गेल्यापासून कोणीच सांगितलं नव्हतं.

ठाणेकर_६३

सुमनताई, तुमचा अनुभव महत्त्वाचा आहे, पण धाग्याचा मुद्दा डॉक्टरांकडे जावं की नाही हा आहे. तुम्ही गेलात आणि बरं वाटलं, म्हणजे माझ्याच बाजूचं झालं ना? स्त्रियांचा विषय स्वतंत्र धाग्यावर घ्यावा, नाहीतर गुंता होईल.

सुमन_नाशिक

तुमच्या बाजूचं नाही झालं. तुम्ही म्हणता, पुरुषाने डॉक्टरांकडे जावं. मी म्हणते, एकट्याने गेला तर घरात दुसऱ्या माणसाचे हाल होतात. ह्यांना गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी 'पत्नीला काही त्रास आहे का' एवढं विचारलं असतं तर माझं वर्ष वाचलं असतं. आणि गुंता म्हणाल तर तो धाग्यावर नाही, घरात आहे. स्वतंत्र धाग्यावर नेऊन सुटणार नाही.

सोलापूर_डॉक्टर

ताईंचं म्हणणं मान्य. त्या क्रीमबद्दल एक पुरवणी: ते स्थानिक असतं, रक्तात फार थोडं जातं, त्यामुळे तोंडाने घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांइतकी भीती नसते. पण स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारायचं. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्त गेलं तर ते कोरडेपणाचंच असेल असं समजून गप्प बसायचं नाही. तपासणी करायचीच.

निसर्गमित्र_सातारा

अॅलोपॅथीच्या गोळ्यांची जाहिरात चालली आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरण, म्हणजे कामशक्ती वाढवण्याचे उपचार, हे एक स्वतंत्र अंग आहे. आपल्याकडे हजारो वर्षं विचार झालाय. अश्वगंधा, कौचबीज, सफेद मुसळी, शिलाजित. साइड इफेक्ट शून्य. मी स्वतः घेतो, वय ६६, रोज अजिंक्यतारा चढतो.

केमिस्ट_काउंटरवरून

अजिंक्यतारा रोज चढणाऱ्याला शिलाजिताची गरजच काय? तुमचं औषध तो किल्लाच आहे, त्याचं श्रेय डबीला देऊ नका.

काउंटरवर उभा राहून सांगतो. ग्राहक येतो, दुकानात बाई उभी असेल तर आधी क्रोसिन मागतो. ती गेली की बोटाने वरच्या फळीकडे दाखवतो, घोड्याचं चित्र असलेल्या डबीकडे. 'हर्बल आहे ना? मग द्या.' आता हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कित्येक मालांत तीच निळ्या गोळीतली सिल्डेनाफिल मिसळलेली सापडली आहे. अमेरिकेचं औषध प्रशासन वर्षानुवर्षं त्यांच्या याद्या काढतंय. म्हणजे सॉर्बिट्रेटवाला माणूस 'झाडपाल्याचं आहे' म्हणून घेतो आणि नेमकं जे घ्यायचं नाही तेच पोटात जातं. शिवाय २००८ साली इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधं अमेरिकेत तपासली, त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं.

आयुर्वेदाला नावं ठेवत नाही. वैद्याने नाडी बघून, तब्येत बघून दिलेलं औषध वेगळं आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर 'मर्दानी ताकद, सात दिवसांत' वेगळं. खरं तर संभोगशक्ती वाढवण्याच्या अशा जाहिरातींवर १९५४ पासून कायद्याने बंदी आहे. भिंती तरीही रंगलेल्याच.

निसर्गमित्र_सातारा

भेसळ सगळीकडे असते, त्यात आयुर्वेदाचा दोष नाही. मी वैद्यांकडूनच घेतो. आणि किल्ला चढायला ताकद कुठून येते?

रमेश_बोरिवली

मी थोडा वेगळा. पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली. ओळखीच्या एका बाई आहेत, त्याही एकट्या. मुलांना मैत्री चालते, 'सोबत' चालते, पण त्या सोबतीत शरीर आहे असं कळलं तर काय होईल याची कल्पना करवत नाही. आप्पांना जे सुटल्यासारखं वाटतं ते त्यांच्याजवळ बायको आहे म्हणून. हात धरायला माणूस असताना वैराग्य परवडतं.

आप्पा_कागलकर

रमेशराव, तुमचं शेवटचं वाक्य लागलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि उगाच काहीतरी द्यायचं नाही.

बाकीच्यांना सांगतो: तपासणीला माझा विरोध कधीच नव्हता. शुगर-कोलेस्टेरॉल बघा, तंबाखू सोडा, चाला. माझा विरोध 'व्हायलाच पाहिजे' या सक्तीला आहे. आज संघातल्या ६८ वर्षांच्या माणसाला वाटतंय की त्याच्यात काहीतरी खोट आहे. कारण मोबाइलवर कोणीतरी सांगतो टेस्टोस्टेरॉन वाढवा, इंजेक्शन घ्या, पुन्हा तिशीत जा. सुमनताईंच्या घरी जे झालं ते याच सक्तीचं फळ.

सोलापूर_डॉक्टर

टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत आप्पांशी पूर्ण सहमत. चाळिशीनंतर ते दरवर्षी साधारण एक टक्का उतरतं, बहुतेकांना काही करावं लागत नाही. लक्षणं असतील तरच, सकाळी दहाच्या आत रक्त देऊन, दोन वेगवेगळ्या दिवशी कमी आलं तर विचार करायचा. २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यांचं खरोखर कमी होतं त्यांना ते दिल्यावर हार्ट अटॅक वाढले नाहीत. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं हे प्रकार थोडे जास्त दिसले. जिममध्ये मिळणारं इंजेक्शन हे औषध नव्हे.

दोन_खोल्या_दादर

एक गंभीर प्रश्न. हा विषय चारचौघांत नको म्हणणाऱ्यांना र. धों. कर्वे आठवत नाहीत का? त्या माणसाने १९२७ पासून मासिक काढून वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं दिली, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. आणि आपण अजून चिठ्ठी खिशात टाकतोय.

ठाणेकर_६३

त्या चिठ्ठीचं उत्तर तरी इथे मिळू दे. डॉक्टर, बायपास किंवा अँजिओप्लास्टीनंतर चालतं का? (चिठ्ठी माझी नव्हती.)

सोलापूर_डॉक्टर

तुमचीच असली तरी हरकत नव्हती. तब्येत स्थिर असेल तर चालतं. ढोबळ कसोटी अशी: दोन जिने भरभर चढून दम लागला नाही, छातीत दुखलं नाही, तर तेवढे श्रम हृदयाला झेपतात. बायपासमध्ये छातीचं हाड कापलेलं असतं, ते जुळायला सहा ते आठ आठवडे द्यायचे, छातीवर भार येईल असं काही करायचं नाही. भरपेट जेवून किंवा दारू पिऊन लगेच नको. आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा, दारापर्यंत जाऊन वळू नका.

ठाणेकर_६३

आभारी. उद्या जिने चढून बघतो. सोसायटीत लिफ्ट आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या जोशीकाकू भेटल्या तर काय कारण सांगायचं तेवढं कोणीतरी सुचवा.