न्यू जर्सी: घराच्या १४ खिडक्या बदलायच्यात, परमिट लागतं का?

तावदान

मध्य जर्सीत १९७२ सालचं दुमजली कलोनियल घर आहे. सगळ्या खिडक्या मूळच्याच, लाकडी, डबल हंग (वर-खाली सरकणाऱ्या दोन झडपांच्या). एकूण १४. त्यातल्या १३ आहेत त्याच मापात बदलायच्या. चौदावी फॅमिली रूमच्या मागच्या भिंतीतली, ३ फुटी. ती ६ फुटी करायची आहे.

काँट्रॅक्टर म्हणतो, जर्सीत खिडक्यांना परमिट लागतच नाही. फ्लोरिडातले नातेवाईक म्हणतात, एका खिडकीलाही लागतं. शिवाय आमच्याकडे एचओए (घरमालकांची संघटना) आहे. त्यांची मंजुरी आणि टाउनशिपचं (स्थानिक नगरपालिकेचं) परमिट यांचा एकमेकांशी काही संबंध असतो का? आधी काय करायचं, आणि ऑर्डर कधी द्यायची? कोटेशनमध्ये सगळीकडे 'इन्सर्ट' लिहिलंय, ते ठीक आहे ना?

ओळंबा

नातेवाईक त्यांच्या राज्यापुरते बरोबर आहेत. फ्लोरिडात खिडकी हे वादळापासूनचं कवच धरतात. मायामी-डेड काउंटीत तर बसवायच्या खिडकीला काउंटीची एनओए (उत्पादनाची मंजुरी) किंवा राज्याची तशी मंजुरी असावी लागते. ते नियम जर्सीला लावू नका.

तुमचा काँट्रॅक्टर मात्र अर्धाच बरोबर आहे. न्यू जर्सीच्या युनिफॉर्म कन्स्ट्रक्शन कोडमध्ये 'ऑर्डिनरी मेंटेनन्स' (नेहमीची देखभाल) म्हणून कामांची यादी आहे (कलम ५:२३-२.७). ओपनिंगचं माप आणि फ्रेमिंग न बदलता त्याच जागी नवी खिडकी बसवणं त्या यादीत आहे. त्याला परमिट नाही, तपासणी नाही, टाउनशिपला कळवायचीही गरज नाही. तुमच्या १३ खिडक्या यात बसतात. चौदावी बसत नाही, कारण तिथे भिंत कापली जाणार आणि हेडर (ओपनिंगवरची, वरचा भार पेलणारी तुळई) बदलणार. तिला परमिट हवंच.

आता इन्सर्टबद्दल. त्याच सवलतीच्या वाक्याला एक शेपूट आहे आणि ते कोटेशन देणारे सहसा वाचत नाहीत. संकटकाळी बाहेर पडायची जी खिडकी असते, म्हणजे व्यवहारात प्रत्येक बेडरूमची निदान एक, तिची आवश्यक उंची, रुंदी किंवा निव्वळ मोकळी जागा नव्या खिडकीने कमी होता कामा नये. इन्सर्ट म्हणजे जुनी चौकट भिंतीत तशीच ठेवून तिच्या आत नवी चौकट बसवायची. चौकटीत चौकट आली की मोकळी जागा घटणारच.

आकड्यांत बघा. कोडला हवी असलेली मोकळी जागा ५.७ चौरस फूट, म्हणजे सुमारे ८२१ चौरस इंच. (जमिनीलगतच्या मजल्यावर ५.० चालते.) उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २०. पण हे दोन्ही किमान आकडे एकत्र घेतले तर २० गुणिले २४ म्हणजे ४८० चौरस इंचच होतात, ३.३३ चौरस फूट. इथेच लोक फसतात. २० इंच रुंदी असेल तर उंची ४१ इंच लागते. उंची २४ असेल तर रुंदी सव्वाचौतीस. शिवाय खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको.

समजा, वरच्या बेडरूमच्या जुन्या खिडकीची खालची झडप पूर्ण वर सरकवल्यावर ३३.५ गुणिले २५ इंच जागा मोकळी मिळते: ५.८ चौरस फूट, पास. तिथे इन्सर्ट घातला आणि ३१ गुणिले २३.५ उरले, तर ५.०६. क्षेत्रफळ नापास, उंचीही २४ च्या खाली. बाहेरून खिडकी तेवढीच दिसते, काँट्रॅक्टर 'सेम साइज' म्हणतो, आणि सवलतीचा आधार मात्र गेलेला असतो.

म्हणून आज संध्याकाळी टेप घ्या आणि बेडरूमच्या सगळ्या खिडक्या उघडून मोकळी जागा मोजा. काच नाही, चौकट नाही, माणूस जिथून बाहेर पडेल ती जागा. मग काँट्रॅक्टरकडून नव्या मॉडेलचा 'क्लिअर ओपनिंग'चा आकडा लेखी मागा. तो प्रत्येक उत्पादकाच्या तक्त्यात असतो.

बिजागरी

ओळंबांच्या हिशोबात इन्सर्ट नापास ठरला तर दोन वाटा. एक, फुल-फ्रेम: जुनी चौकट काढून थेट रफ ओपनिंगमध्ये (भिंतीतल्या मूळ मोकळ्या जागेत) नवी खिडकी. काम जास्त, आतलं-बाहेरचं ट्रिम नव्याने, पण जागा जात नाही, आणि १९७२ च्या चौकटीखाली कुजलेलं सिल (खिडकीखालचं आडवं लाकूड) असेल तर तेही उघडं पडतं. दुसरी वाट केसमेंटची. बिजागरीवर उघडणारी खिडकी असल्याने जवळजवळ पूर्ण ओपनिंग मोकळं होतं, डबल हंगसारखं अर्धं नाही. मात्र ऑर्डर देताना 'एग्रेस' बिजागरी मागा. साध्या बिजागरीत उघडलेली झडप थोडी जागा अडवून बसते.

केसमेंटला एचओए नाक मुरडते, कारण शेजारच्या घरांना डबल हंग असतात. त्यावर उपाय आहे: मधोमध आडवी जाड पट्टी लावलेली केसमेंट मिळते, रस्त्यावरून ती डबल हंगच वाटते. अर्जात तिचं चित्र जोडा.

मोजपट्टी

आयआरसीत (घरांसाठीचा नमुना बांधकाम कोड) बदली खिडक्यांसाठी एक सूट आहे ना? उत्पादकाची त्या चौकटीत बसणारी सर्वात मोठी स्टँडर्ड साइज घेतली आणि उघडण्याची पद्धत तीच ठेवली, तर ५.७ ची अट लागत नाही. मग इन्सर्ट चालायला हवा.

ओळंबा

मूळ आयआरसीत आहे, आणि ज्या राज्यांनी ती जशीच्या तशी घेतली तिथे उपयोगी पडते. पण इथे प्रश्न विनापरमिट सवलतीचा आहे, आणि ती सवलत जर्सीच्या स्वतःच्या शब्दांत आहे. त्या शब्दांत 'सर्वात मोठी स्टँडर्ड साइज' कुठे नाही. इन्सर्टच हवा असेल आणि मोकळी जागा घटत असेल, तर आधी कन्स्ट्रक्शन ऑफिसला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर काउंटरवाल्याने दिलेलं उत्तर पुढे कुणाला दाखवता येत नाही.

हेडरवाले

फक्त चौदाव्या खिडकीबद्दल लिहितो.

कागद: एफ-१०० हा परमिटचा अर्ज आणि एफ-११० हा बिल्डिंग सबकोडचा तांत्रिक भाग. भिंतीत आउटलेट किंवा वायर असेल आणि ती हलवावी लागली, तर एफ-१२० हा इलेक्ट्रिकलचा. ३ चे ६ फूट करताना ती बहुतेकदा हलवावी लागतेच, तेव्हा सुरुवातीलाच जोडा. सोबत भिंतीचं रेखाचित्र: जुनं ओपनिंग, नवं ओपनिंग, हेडरचं माप, दोन्ही बाजूंचे जॅक स्टड (हेडर पेलणारे उभे खांब), आणि नव्या खिडकीचं स्पेसिफिकेशन. स्वतःच्या, स्वतः राहत्या एक-कुटुंबी घराचं रेखाचित्र मालक स्वतः काढू शकतो. पण त्या भिंतीवर वरच्या मजल्याचे जॉइस्ट (जमीन पेलणाऱ्या तुळया) टेकलेले असतील तर हेडरचं माप अंदाजाने लिहू नका. वर किती मजले, जॉइस्ट कुठल्या दिशेने, घराची रुंदी किती, बर्फाचा भार किती, या सगळ्यावर ते ठरतं. शंका असेल तर इंजिनियरकडून सही-शिक्क्याचा कागद घ्या. अर्ज परत येण्यात जाणारे आठवडे वाचतात.

पूर्ण अर्जावर निर्णय द्यायला कार्यालयाला कामाचे २० दिवस असतात. 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. एक कागद कमी असला की तो नामंजूर होऊन परत येतो. परमिट मिळाल्यावर १२ महिन्यांत काम सुरू व्हायला हवं.

काम करताना: भिंत कापण्याआधी आतून जॉइस्टखाली टेकू लावलेला असलाच पाहिजे. टेकू न लावता जुना हेडर काढला तर वरची जमीन थोडी बसते आणि वरच्या खोलीचं दार घासायला लागतं. नंतर नवा हेडर कितीही भक्कम घाला, बसलेली जमीन वर येत नाही. हेडर आणि जॅक स्टड उघडे असतानाच फ्रेमिंगची तपासणी, मग इन्सुलेशन, मग ड्रायवॉल (आतल्या भिंतीचे बोर्ड). उलटं केलं तर इन्स्पेक्टर ड्रायवॉल काढायला लावतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. तारीख मागितल्यावर कामाच्या ३ दिवसांत तपासणी व्हायला हवी.

शेवटी फायनल तपासणी आणि सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्हल. ते न घेता काँट्रॅक्टर गेला की परमिट 'उघडं' राहतं आणि घर विकताना खरेदीदाराचा वकील तेच शोधून काढतो. करारात शेवटचा हप्ता सर्टिफिकेटशी बांधा.

तावदान

मोजलं. वरच्या तीनपैकी दोन बेडरूमच्या खिडक्या इन्सर्टने नापास होतात, तिसरी जेमतेम वाचते. त्या तिन्ही फुल-फ्रेम करतो. बाथटबवरच्या खिडकीला काही वेगळं आहे का? आणि एचओएचं राहिलंच.

बिजागरी

टबच्या वर असेल तर काच टेंपर्ड (कडक केलेली सुरक्षा काच). टबमध्ये उभं राहायच्या तळापासून काचेची खालची कड ६० इंचांच्या आत असली की ही अट लागते. काचेच्या कोपऱ्यात कोरलेला शिक्का असतो. माल उतरवतानाच बघा, बसवल्यावर नाही. फॅमिली रूमच्या मोठ्या खिडकीलाही ताडून बघा: एका तावदानाचं क्षेत्रफळ ९ चौरस फुटांहून जास्त, खालची कड जमिनीपासून १८ इंचांच्या आत, वरची कड ३६ च्या वर आणि ३६ इंचांच्या आत चालायची जागा, हे चारही एकदम जुळले तरच टेंपर्ड सक्तीची. खालची कड १८ इंच किंवा त्याहून वर ठेवली की प्रश्न मिटला. दाराच्या कडेपासून २४ इंचांत येणाऱ्या तावदानाचा नियम वेगळा आहे, तिथे जवळपास नेहमी टेंपर्डच घ्या.

एचओए आणि टाउनशिप एकमेकांना विचारत नाहीत. टाउनशिपला परमिट नको असलं तरी एचओएची मंजुरी सुटत नाही, आणि एचओए हो म्हणाली म्हणून परमिट माफ होत नाही. एचओएची समिती हेडर बघत नाही. बाहेरचा रंग, जाळीची (काचेवरच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची) आखणी आणि ट्रिमची रुंदी बघते. जाळी काचांच्या आत की बाहेरून चिकटवलेली, हे स्पष्ट लिहा. अर्ज अडकतात ते बहुतेक याच मुद्द्यावर. मंजुरी लेखी येईपर्यंत ऑर्डर देऊ नका. खिडक्या तुमच्या मापाने बनतात, परत घेत नाहीत.

क्रम असा ठेवा: एचओए, मग काँट्रॅक्टरचं अंतिम माप, मग चौदाव्या खिडकीचं परमिट, आणि सगळ्यात शेवटी ऑर्डर.

मोजपट्टी

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. घर १९७२ चं, म्हणजे १९७८ च्या आधीचं. तिथे ईपीएचा (केंद्राची पर्यावरण संस्था) शिसं असलेल्या रंगाबद्दलचा आरआरपी नियम लागतो. किरकोळ दुरुस्तीला खोलीमागे ६ चौरस फुटांपर्यंत सूट आहे, पण खिडकी बदलताना ती सूटच नाही. एक खिडकी असली तरी नियम लागतो. टाउनशिपचं परमिट नसलं म्हणून हा सुटत नाही. फर्म लेड-सेफ सर्टिफाइड हवी आणि 'रिनोव्हेट राइट' ही पुस्तिका काम सुरू व्हायच्या आधी तुमच्या हातात पडायला हवी. आत खिडकीपासून ६ फूट आणि बाहेर जमिनीवर १० फूट प्लास्टिक अंथरायचं असतं. रंगाची चाचणी नकारात्मक आली तर यातून सुटका होते.

काँट्रॅक्टरचा राज्याचा नोंदणी क्रमांक १३व्हीएच ने सुरू होतो, तो करारावर हवा. ५०० डॉलरच्या वरचा करार लेखीच लागतो, आणि कराराची प्रत हातात आल्यावर कामाच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तुम्ही तो रद्द करू शकता.

आणि केंद्राच्या कर सवलतीचं आमिष दाखवलं तर हुरळून जाऊ नका. खिडक्यांवरची २५सी सवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्यांना नाही.

हेडरवाले

काचेवरची एनएफआरसीची (खिडक्यांना रेटिंग देणारी संस्था) चिकटपट्टी फायनल होईपर्यंत काढू देऊ नका. यू-फॅक्टरचा (खिडकीतून उष्णता किती निसटते त्याचा) आकडा इन्स्पेक्टर तिथूनच वाचतो, आणि उत्साही पेंटर ती पहिल्याच दिवशी सोलून टाकतो. परमिटच्या खिडकीची तर ठेवाच. बाकी १३ चे फोटो काढून एचओएच्या पत्रासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा.