प्रतिसाद: एडुआर्ड लास्कर आणि परत आलेला शोकठराव

एकोणिसाव्या शतकातला जर्मन राजकारणी एडुआर्ड लास्कर याची ओळख या चर्चेत ‘जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याचा विरोधक’ एवढीच आली आहे, ती मला अपुरी वाटते. १८६७ मध्ये नॅशनल लिबरल पक्ष उभा राहिला तो जर्मन एकीकरणासाठी बिस्मार्कला साथ देण्याच्या भूमिकेतून, आणि लास्कर त्याच्या संस्थापकांपैकी एक होता. फक्त साथ देताना त्याने वकिलाची नजर गहाण टाकली नाही. फेब्रुवारी १८७३ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या विधिमंडळात त्याने रेल्वे परवान्यांतले गैरव्यवहार नावानिशी मांडले. त्यात बिस्मार्कचा जुना विश्वासू हेरमान वागेनरही सापडला.

पण माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम कायद्याचं. त्याच्याच पक्षाचा योहानेस मिकेल आणि लास्कर यांच्या पाठपुराव्यामुळे १८७३ च्या अखेरीस घटनादुरुस्ती झाली आणि संपूर्ण दिवाणी कायदा घटक राज्यांऐवजी जर्मन साम्राज्याच्या अखत्यारीत आला. त्याच पायावर १९०० साली जर्मनीची एकसंध नागरी संहिता लागू झाली. ती पाहायला तो नव्हता.

जानेवारी १८८४ मध्ये न्यूयॉर्कला त्याचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने शोकठराव केला, तो राइशस्टागकडे, म्हणजे जर्मन संसदेकडे, पोचवायचा होता. बिस्मार्कने तो पोचवलाच नाही, थेट परत पाठवला. मेलेल्या माणसाशीही इतकं वैर! हे वाचताना मला आजही वाईट वाटतं. पोझन प्रांतातल्या छोट्या गावातून आलेल्या या ज्यू वकिलाला त्याच्याच देशाच्या चॅन्सेलरने एवढा साधा मानही नाकारला.