संघासाठी राबणाऱ्या मुलीच्या हातात काय पडतं?

कृष्णाकाठची
मंडळी, थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

या शनिवार-रविवारी वाईला सायकल शर्यत होती. शनिवारी वैयक्तिक टाइम ट्रायल, म्हणजे एकेकीने सुटून घड्याळाशी शर्यत, रविवारी सगळ्यांची मिळून रोड रेस. वाई-सुरूर रस्त्यावर फेऱ्या आणि शेवटी पसरणी घाट चढून पाचगणी. आम्ही चौघी होतो. एक चढाईला पक्की, ती आमची लीडर. एक ताई, नोकरी आणि घर सांभाळून पहाटे घरातच ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल मारायच्या यंत्रावर, बसणारी. मी. आणि चौथी कॉलेजात शिकणारी धाकटी. सपाटीवर पुढे राहून, वारा अंगावर घेऊन मागच्यांना ओढण्यात तिचा हात धरणारं आमच्यात कुणी नाही.

टाइम ट्रायलमध्ये कुणाच्या मागे लपता येत नाही, त्यात येताना समोरून वारा. चौघी पिळून निघालो. रात्री भिंतीला पाय लावून पडलो आणि दहीभात, पुन्हा दहीभात एवढंच खाल्लं.

रविवारचं ठरलेलं होतं. घाटात वेग कमी, म्हणून पुढच्या सायकलीच्या आडोशाचा फायदाही कमी. लीडरसाठी जे काय करायचं ते पायथ्याच्या आधी. तिला वारा लागू द्यायचा नाही, खाणंपिणं हातात द्यायचं आणि घाट लागताना ती पहिल्या पाचात असली पाहिजे. धाकटी जवळजवळ सगळ्या फेऱ्या पुढे राहिली. मी बाटल्या आणि खजूर पोचवत होते.

शेवटच्या फेरीत लीडरचा हात वर गेला. पुढचं चाक पंक्चर. मदतीची गाडी मागे दुसऱ्या घोळक्यापाशी अडकलेली. मी थांबले. दोघींच्या सायकली डिस्क ब्रेकच्या, रोटर (ब्रेकच्या चकत्या) एकाच मापाचे, हे आदल्या रात्रीच जुळवून पाहिलं होतं. खिशात सहाची ॲलन की होती. माझ्या चाकाचा ॲक्सल (आस) सोडला, चाक काढलं, तिचं काढलं, माझं बसवलं. रोटर कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याच्या, फटीत नीट गेला का ते वाकून बघितलं, चाक एकदा फिरवलं, घासत नव्हतं. "जा!" पाठीला हात लावून ढकलावं असं फार वाटलं, पण ढकलणं नियमात बसत नाही.

पुढे ताई आणि धाकटी तिच्यासाठी रेंगाळल्या होत्या. तिघींनी मिळून पुढचा घोळका घाटाच्या तोंडाशी गाठला. त्या पाठलागात धाकटीने इतकं ओढलं, की पहिल्या वळणांवरच तिचे पाय संपले. लीडर दुसरी आली! ताई बरीच मागे, पण पोचली. धाकटी वेळेच्या मर्यादेबाहेर गेली आणि मी गाडी येईपर्यंत रस्त्याकडेला उभी. निकालात आमच्या दोघींच्या नावापुढे डीएनएफ, म्हणजे शर्यत अपूर्ण.

माझं मला काही वाटत नाही. तो दुसरा क्रमांक मी माझाच धरते. पण संध्याकाळी धाकटीला वडिलांचा फोन आला, "कितवी आलीस?" तिला उत्तर देता येईना. त्यांनी सायकलीसाठी कर्ज काढलंय. त्यांच्या डोक्यात सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यात काही गैर नाही. तिथे क्रमांक बघतात, वाऱ्यात कोण किती पुढे राहिलं हे कुठल्याच प्रमाणपत्रावर येत नाही. ती मला म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी मी माझ्यासाठीच चालवणार."

तिला मी काय सांगू? तुमच्या संघात बक्षिसाची वाटणी कशी होते? आणि अशा मुलीच्या कामाची नोंद कुठे होते?

स्पोकवाला
चाकाचं आधी. चाक किंवा सायकल फक्त आपल्याच संघातल्या खेळाडूला देता येते, मागे राहिलेल्या गड्यासाठी थांबणंही तेवढ्यांनाच. खाणं, पाणी, पाना मात्र कुणीही कुणाला द्यावा. तुम्ही केलंत ते चोख. रोटर आदल्या रात्री जुळवून बघणारे संघ मी फार थोडे पाहिलेत. आता मागच्या चाकांचंही बघून ठेवा, तिथे कॅसेटची, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचाची, भानगड असते.

जुनी_खेळाडू
अगं, बक्षिसाचं सोपं आहे. व्यावसायिक संघांत जिंकलेली रक्कम सहकाऱ्यांत, बऱ्याचदा मेकॅनिक-मसाजवाल्यांतही वाटायची रीत जुनी आहे. तुम्हीही चार सारखे वाटे करा आणि ते शर्यतीच्या आधी ठरवा. नंतर ठरवलं की उपकार केल्यासारखं होतं.

धाकटीला २०२४ ची महिलांची टूर द फ्रान्स दाखव. पाचव्या टप्प्यात एकूण वेळेत आघाडीवर असल्याची पिवळी जर्सी अंगावर असलेली डेमी वोलरिंग शेवटच्या काही किलोमीटरांत पडली. तिच्याच संघातली ब्लांका वाश तो टप्पा जिंकली आणि डेमीचा दीड मिनिटाहून जास्त वेळ गेला. शेवटच्या दिवशी डेमीने आल्प द्युएझचा घाट जिंकला, तरी एकूण वेळेत टूर दुसऱ्या संघातल्या कासिया नेव्हियादोमाची झाली, अवघ्या ४ सेकंदांनी. पडल्यावर तिच्यासाठी कोण थांबलं, कोण नाही, यावर तेव्हा केवढा वाद झाला! थांबणाऱ्या मुलीची किंमत काय, ती तिथे सेकंदांत दिसते.

पण वडिलांना डेमी सांगून भागणार नाही, हे मलाही कळतं. जिथे सांघिक टाइम ट्रायल असेल तिथे चौघी नाव द्या. त्यात संघाला पदक मिळालं की ते ओढणारीच्याही गळ्यात पडतं, आणि अशी वाऱ्यातली मुलगी तिथे सोनं आहे. दुसरं, त्यांना तू स्वतः फोन कर. मुलीकडून ऐकणं वेगळं, संघातल्या मोठीकडून ऐकणं वेगळं.

थंडी_वारा
माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. जिथे निवड वैयक्तिक क्रमांकावर होते, तिथे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला दिवसभर दुसरीसाठी झिजवणं मला पटत नाही. लीडरची निवड झाली, तर धाकटी घरी बसणार. संघाचे डावपेच क्लबच्या शर्यतींत शिकवा. निवडीच्या शर्यतीत तिला तिचे पाय वापरू द्या.

कृष्णाकाठची
थंडी_वारा, ही शर्यत निवडीची नव्हती, पण तुमचा मुद्दा मला पटला. काल चौघी बसलो तेव्हा तोच विषय निघाला. पुढची शर्यत पूर्ण सपाटीवर आहे. लीडर स्वतःच म्हणाली, "तिथे माझं काय काम? मी हिला ओढते." म्हणजे त्या दिवशी धाकटी लीडर, आणि ताई नि मी तिच्या बाटल्या वाहणार. निवडीच्या शर्यतीत जिची ती, हेही ठरलं. बक्षिसाचे चार वाटे झाले, धाकटी नको नको म्हणत होती, तिच्या पाकिटात घातलेच.

जुनी_खेळाडू ताई, वडिलांना फोन केला. ते बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, सांघिक शर्यत कधी असते आणि तिला वेगळी सायकल लागते का. नियम वाचून सांगते म्हटलं. तुम्हाला माहीत असेल तर लिहा, साध्या रोड बाइकला एअरोबार (पुढे झुकून हात टेकायचे दांडे) लावून चालतं का?

स्पोकवाला दादा, ताईची कॅसेट अकरा चकत्यांची आहे, आमच्या तिघींची बाराची. तिला मागचं चाक द्यायची वेळ आली तर गिअर नीट पडणार नाहीत ना? गाडीत तिच्यापुरतं वेगळं चाक ठेवू का?