शब्दचर्चा : शस्त्रक्रियेआधी ‘उपाशी’ की ‘निर्जळी’?

विचारणा : सोलापुरातल्या रुग्णांसाठी शस्त्रक्रियेआधीची सूचनापट्टी मराठीत करतोय. ‘एनबीएम’ला (निल बाय माउथ, म्हणजे तोंडाने काही घ्यायचं नाही) काय लिहावं? ‘उपाशी’ की ‘निर्जळी’?

भूलतज्ज्ञ : दोन्ही नकोत. ‘उपाशी’ म्हटलं की आपल्याकडे उपास आठवतो, आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, चहा सगळं चालतं. ‘निर्जळी’ची चूक उलटी. मे महिन्यातल्या सोलापुरात रात्रीपासून पाणी तोडलेलं मूल दुपारी टेबलावर येतं तेव्हा सुकलेलं असतं. शीर सापडत नाही, भूल दिली की रक्तदाब पडतो. मोठ्या माणसांची सकाळची रक्तदाबाची गोळीही याच शब्दापायी राहून जाते. ती डॉक्टरांनी सांगितली असेल तर घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते.

शब्दाऐवजी पदार्थ आणि तास लिहा. पाणी, कोरा चहा : भूल देण्याच्या २ तास आधीपर्यंत. अंगावरचं दूध : ४. गाईम्हशीचं किंवा डब्याचं दूध, हलकं खाणं : ६. तळलेलं, मटण, तेल घातलेली शेंगाचटणी : ८. दुधाचा चहा दुधातच धरा.

परिचारिका : पट्टीवर कारणही हवं, नाहीतर नातेवाईक प्रेमापोटी बिस्किट देतात. पूर्ण भुलेत गिळणं आणि खोकणं दोन्ही थांबतं. पोटातलं आम्ल वर आलं तर सरळ फुप्फुसात उतरतं. शिवाय ‘उपाशी आहात ना?’ असं विचारू नये, त्याला उत्तर ‘हो’च येतं. ‘शेवटचं काय घेतलं, किती वाजता?’ असं विचारून वेळेसकट लिहून ठेवावं. मावा-गुटखा खाणाऱ्यांना तोंड पूर्ण उघडायला लावावं. स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील तर श्वासासाठी घशातून नळी घालणं अवघड जाऊ शकतं. ते भूलतज्ज्ञांना आधीच कळायला हवं.

विचारणा : कमरेतून भूल असेल तर ही पट्टी लागू नाही ना?

भूलतज्ज्ञ : लागू आहे. कमरेतली भूल अपुरी पडली तर पूर्ण भूल द्यावी लागते. आणि अपघाताच्या रुग्णात तासांवर भरवसा नको : वेदना आणि अफूवर्गीय औषधांनी पोट रिकामं होणं मंदावतं, म्हणून रात्री जेवून नऊला अपघात झालेल्याचं पोट सकाळी सहालाही भरलेलंच धरायचं. गरोदरपणाचे शेवटचे महिने आणि जुना मधुमेह यांतही तीच सावधगिरी.

विचारणा : मग अशा भरल्या पोटी भूल देताना पोटातलं वर येऊ नये म्हणून गळ्यावर दाब देतात, त्याला ‘कंठमणी दाबतात’ असं लिहिलं तर चालेल?

भूलतज्ज्ञ : नाही, जागा चुकते. दाबायची ती कंठमण्याखालची कूर्चेची कडी, क्रिकॉइड. ती मागच्या बाजूलाही अखंड असल्याने तिच्यामागची अन्ननलिका दाबली जाते. ब्रिटिश भूलतज्ज्ञ सेलिक यांनी ही पद्धत १९६१ मध्ये मांडली. आज सगळेच ती वापरत नाहीत. वापरली तर आधी ३ मिनिटं ऑक्सिजन, शुद्ध हरपल्यावर साधारण ३० न्यूटन (सुमारे ३ किलो वजनाइतका) दाब, आणि नळीचा फुगा फुगवून कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातला वायू मोजणाऱ्या यंत्रावर) कार्बन डायऑक्साइडची लाट सलग दिसेपर्यंत हात हलवायचा नाही. दाबामुळे स्वरयंत्र दिसेना किंवा रुग्णाला उलटी होऊ लागली, तर मात्र दाब सोडायचा. मराठीत ‘कंठमण्याखालची कडी’ लिहा.