अनुभव धागा : सोलापूरहून मुंबई, खिसा सांभाळून

दवाखाना, मुलाखत, मंत्रालय, लेकरांना समुद्र दाखवणं, नाहीतर पाहुण्याचं लग्न. सोलापूरच्या माणसाला मुंबई काही टळत नाही. तिथं पैसे नेमके कुठं जातात आणि कुठं वाचतात, हे जाणून असलेल्यांनी इथं लिहा. स्वतःच्या सहलीची गोष्ट नको, हॉटेलची जाहिरात नको. गाडी कुठली, उतरायचं कुठं, फसगत कुठं होते, एवढंच सांगा. वर नावाऐवजी आपला सोलापुरातला भाग लिहा.

जुळे सोलापूर

सुरुवात सिद्धेश्वर एक्सप्रेसपासूनच करू. रात्री साडेदहा-पावणेअकराला सुटते आणि सकाळी सातच्या आत सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) पोचते. स्लीपर तीनशेच्या आसपास पडतो. रात्रीचा लॉज वाचतो तो वेगळाच. कामं एका दिवसात उरकणारी असतील तर त्याच रात्री सिद्धेश्वरनंच परत या, खोली घ्यायची गरज नाही.

आरक्षण आता ६० दिवस आधी सुटतं, पूर्वीसारखं १२० नाही. लग्नसराई किंवा सुट्टी असेल तर पहिल्याच दिवशी काढा. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं : एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. ऑनलाइन तत्काळसाठी खात्याला आधार जोडलेलं लागतं. ते आदल्या आठवड्यातच करून ठेवा, अकराला दोन मिनिटं असताना नको.

वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास निघून साडेबारापर्यंत मुंबईत पोचवते. सोलापूरहून गुरुवारी नसते, मुंबईहून बुधवारी नसते. भाडं स्लीपरच्या तिपटीहून जास्त आणि अर्धा दिवस प्रवासातच जातो. ज्याला रात्रीच्या गाडीत झोपच लागत नाही त्यानं घ्यावी.

दक्षिणेकडून येणाऱ्या काही गाड्या एलटीटीला संपतात. तिकिटावर ‘लोकमान्य टिळक टर्मिनस’ दिसलं की ते कुर्ला स्टेशन समजू नका. कुर्ला लोकल तिथून बरीच लांब आहे, सामान घेऊन चालणं होत नाही. बाहेर पडल्या पडल्या रिक्षावाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो तो याचसाठी.

सात रस्ता

एका दिवसात जाऊन येणं तरण्या माणसाला ठीक. सोबत वयस्कर कुणी असेल तर दोन रात्री गाडीत आणि मधला दिवस रस्त्यावर, यात माणूस आजारी पडतो. खोली घ्याच, पण घेताना फोनवर पाच गोष्टी विचारा.

एक, चेक-इन किती वाजता. हा प्रश्न सगळ्यात महाग पडतो. सिद्धेश्वर उतरवते सातला आणि बहुतेक लॉजचा दिवस सुरू होतो दुपारी बाराला. ‘लवकर आलात’ म्हणून अर्धं भाडं जादा लावतात. २४ तासांच्या हिशोबाचं लॉज मिळालं तर तेच धरा. दोन, खिडकी आहे का. फोटोत पडदा दिसतो, पडद्यामागं भिंत असते. तीन, न्हाणीघर खोलीतच आहे का. चार, जीएसटी धरून आकडा किती. पाच, लिफ्ट आहे का, कारण जुन्या इमारतींत तिसरा मजला म्हणजे आपल्याकडचा पाचवा.

दादरला किंवा सीएसएमटीजवळ दोघांची साधी, स्वच्छ खोली दोन हजारांच्या आत मिळाली तर नशीब समजा. ठाणे आणि वाशी त्या मानानं स्वस्त. पण ठाण्यात राहून सकाळी नऊला दक्षिणेकडं जायचं असेल तर वाचलेले पैसे लोकलच्या दारात घामानं फिटतात. काम ज्या बाजूला, मुक्काम त्याच बाजूला.

दिवसभर नुसतं सामान ठेवायचं असेल तर सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं. प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं, चेन लावलेली चालत नाही. दोन छोटी कुलपं घरूनच न्या. तिकीट आणि ओळखपत्रही हाताशी ठेवा.

अशोक चौक

लोकलबद्दल कुणीच नीट सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. मुंबईत सगळं महाग, फक्त लोकल सोडून. पहिल्या दहा किलोमीटरला दुसऱ्या वर्गाचे ५ रुपये. दादर ते सीएसएमटी त्यातच बसतं.

सकाळी साधारण ८ ते ११ गर्दी दक्षिणेकडं, म्हणजे सीएसएमटी आणि चर्चगेटकडं असते. संध्याकाळी ५ ते ९ ती उलटी फिरते. आपण गर्दीच्या उलट दिशेनं जायचं. सकाळी बोरिवलीचं काम आणि दुपारी फोर्टचं, असा क्रम लावला तर बसायलाही जागा मिळते.

फलाटावरचा इंडिकेटर असा वाचा : शेवटचं स्टेशन, जलद की धीमी, डबे किती. १२ डब्यांची आणि १५ डब्यांची गाडी वेगवेगळ्या जागी उभी राहते, आणि धावाधाव होते ती त्यामुळंच. जलद गाडी मधली स्टेशनं गाळते. परळला उतरायचं असेल तर धीमीच पकडा. विरार फास्टमध्ये दादरहून वांद्र्याला जायला चढू नका. आतले लोक दार अडवून उभे असतात, तुम्हाला उतरताच येणार नाही.

पहिल्या वर्गाचा डबा बाहेरून आपल्यासारखाच दिसतो. दाराशेजारी लिहिलेलं असतं, ते वाचूनच चढा. चुकलात तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाड्यातला फरक. एसी लोकल ही पूर्ण वेगळी गाडी आहे. तिचं तिकीट वेगळं, कमीत कमी ३५ रुपये. दिवसातून सात-आठ वेळा चढ-उतार असेल तर खिडकीवर टूरिस्ट पास मागा. एक, तीन आणि पाच दिवसांचा मिळतो, दर वेळी रांगेत उभं राहावं लागत नाही.

दादरच्या फलाटांचे नंबर डिसेंबर २०२३ पासून सलग झालेत. पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्यचे ८ ते १४. पाहुणे अजून जुने नंबर सांगतात, त्यांच्यावर विसंबू नका. आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी गाड्या बंद किंवा वळवलेल्या) असतो, साधारण ११ ते ४. लग्नाचा मुहूर्त दुपारचा असेल तर आदल्या दिवशीच वेळापत्रक बघा.

साखर पेठ

टाटा कॅन्सर रुग्णालयाला जाणाऱ्यांसाठी. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, सिद्धेश्वर दादरला थांबते, तिथंच उतरा. रुग्णालय परळला आहे, टॅक्सीनं थोडंच अंतर. पेशंट चालू शकत असेल तरी सकाळी लोकलमध्ये घालू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसते रिपोर्ट घेऊन जाणं. बायोप्सी इथं झाली असेल तर तिचे ब्लॉक (काढलेला तुकडा बसवलेले ठोकळे) आणि स्लाइड्स लॅबमधून मागून न्या, तिथले डॉक्टर ते स्वतः तपासतात. त्याशिवाय गेलं की एक फेरी फुकट. सीटी-एमआरआयची सीडी, नुसती फिल्म नको. ब्लॉक मेणाचे असतात, मे महिन्यात बॅग उन्हात ठेवू नका.

राहायला धर्मशाळा आहेत, दादरची गाडगे महाराजांची तर सगळ्यांना माहीत. पण थेट दारात जाऊन जागा मिळत नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी घ्या, नाव लावा आणि पहिल्या दोन-तीन रात्रींची सोय स्वतःची धरून चला. आणि निघण्याआधी बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात काय काय होतं ते विचारून घ्या. प्रत्येक फेरीला मुंबईच लागते असं नाही.

विजापूर रोड

रिक्षा माहीम आणि सायनच्या पुढं दक्षिणेकडं येतच नाही. दादरला उभं राहून ‘रिक्षा मिळंना’ म्हणणारे दिसले की समजायचं, आपल्याकडचे! तिथं काळी-पिवळी टॅक्सी. पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढं किलोमीटरला २०.६६. उपनगरात रिक्षाचे तेच २६ आणि १७.१४. रात्री १२ ते ५ पंचवीस टक्के जादा. म्हणजे सीएसएमटीहून सहा-साडेसहा किलोमीटरला १२५-१३५ होतात, सिग्नलला थांबणं वेगळं. ५०० सांगितले तर पुढच्या टॅक्सीकडं जा, स्टेशनच्या आवारातून शंभर पावलं बाहेर आलं की भाव उतरतो.

बेस्टची साधी बस १० रुपयांपासून, एसी १२ पासून. दोन रुपयांत गारवा मिळत असेल तर साध्या बसची वाट कशाला बघायची मालक?

भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे. सीएसएमटीहून थेट सिद्धिविनायक, वरळी, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), विमानतळ, आरे. भाडं १० ते ७० रुपये. लोकलपेक्षा महाग, टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त. म्हाताऱ्या माणसांना आणि मोठ्या बॅगांना हीच. तिकीट जिना उतरण्याआधी काढा, खाली मोबाइलचं नेट दगा देतं.

बाळीवेस

फिरायला जाणाऱ्यांनी वार बघून जावं. सोमवारी घारापुरीची (एलिफंटा) लेणी बंद. बुधवारी राणीची बाग (प्राणिसंग्रहालय) आणि तिच्या आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला जाल तर अर्धा दिवस रांगेत.

सीएसएमटी ते गेटवे टॅक्सी करू नका. फोर्टातून, काळा घोड्यावरून चालत अडीच किलोमीटर, आणि मुंबईत फुकट बघण्यासारखं सगळं त्याच वाटेवर आहे. घारापुरीला लाँचला तासभर लागतो, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. हातात खाऊची पिशवी धरलीत तर ती माकडाची समजा.

पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की हिंदमाता, सायन भागात पाणी तुंबतं. त्या दिवशी परतीची गाडी असेल तर दुपारीच स्टेशन गाठा.

विडी घरकुल

बायकांनी एसटीचा विचार करावा. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना फुकट. खाजगी स्लीपर बस ‘मुंबई’ म्हणते आणि पहाटे चार वाजता चेंबूरला हायवेवर उतरवते. बुकिंग करतानाच शेवटचा थांबा कुठला ते नावानिशी विचारून घ्या.

शेळगी

कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या. हसण्यावारी नेऊ नका, चौघांचं एका वेळचं साधं जेवणसुद्धा तिथं हजाराला जातं. कडक भाकरी आठवडाभर टिकते, पण पावसाळ्यात दमट हवेनं दोन दिवसांत मऊ पडते. डब्यात नाही, प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधा. चटणीला तेल आणि दही तिथं घ्या, घरून कालवून नेली तर बॅग गेली. धपाटे एकाच दिवसाचे. पाणी स्टेशनवरच भरून घ्या.

जुळे सोलापूर

परतीचं राहिलं. सिद्धेश्वर रात्री सुटते तेव्हा संध्याकाळची गर्दी ओसरत आलेली असते, तरी मोठं सामान असेल तर दादरला चढू नका. थांबा थोडा वेळ, त्यात डबा पुढं की मागं ते कळेपर्यंत शिट्टी होते. सीएसएमटीला गाडी आधी लागते, निवांत चढा. आणि चादर आपली आपण न्या, स्लीपरला मिळत नाही. सोलापूरच्या माणसानं गाडीत कुडकुडायचं म्हणजे लईच झालं.